हातोहात

स्टॉपवॉचचा काटा अकरा पॉइंट चारवर अडकलाय
एकोणीसशे ब्याण्णवच्या तालुका स्पर्धेपासून.
बटण दाबलं की मात्र अजून टिक म्हणतं.
तेवढं पुरे, डॉक्टर शबनूर तडवी म्हणाल्या,
कुत्रीला वेळ कळायची गरज नाही,
दाम कशाचं मिळालं ते कळलं पाहिजे.
आधी टिक, मग तुकडा, एका सेकंदाच्या आत.
बाजाराच्या दिवसापर्यंत मजुरी थकवायची नाही, सर.
हातोहात.

घरात अंडं चालत नाही, म्हणून चूल विहिरीवर.
पहिले चार दिवस नुसतं हेच:
टिक, आणि अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा.
डिझेल (पंपावर सापडली म्हणून डिझेल)
पाचव्या दिवशी टिक ऐकून अशी वळली
जशी मागच्या बाकावरची पोरं सुट्टीच्या घंटेकडे.

मग मी केळीच्या टेकूचा एक बांबू उचलला,
उडी शिकवावी म्हणून.

ती कठड्यामागे.
शेपूट पोटात, कान मानेला चिकटलेले, खाली ओलं.
पंपावर तिला काय काय शिकवलं होतं
ते सगळं त्या बांबूवर लिहिलेलं होतं
आणि तिला वाचता येत होतं.

अक्षर माझ्याही ओळखीचं.
एकतीस वर्षं माझ्या हातात एक असायचा, तेल पाजलेला.
रांग वाकडी, पोटरीवर.
उशीर झाला, पोटरीवर.
पोरं सरळ उभी राहायची.
मला वाटायचं, शिकली.

बांबू जमिनीवर ठेवा, डॉक्टर म्हणाल्या. लांब.
नुसतं पाहिलं तरी टिक.
पाहिलं. टिक.
वास घेतला. टिक, दोन तुकडे.
एक पाय पलीकडे टाकून मधेच थबकली,
सुकीच्या पात्रात अर्ध्यावर विचार बदललेल्या बाईसारखी.
टिक एकच, पण मुठीतलं सगळं.
अकरा दिवस लागले
जमिनीवर पडलेला बांबू ओलांडायला.

उडीच्या कड्यासाठी नळी हवी होती, काळी, दोन इंची.
हेमकांत अत्तरदेच्या ठिबकच्या दुकानात गेलो.
"काय करी राह्यले सर, या वयात?"
सांगितलं. हसला नाही.
तीन मीटर कापून दिली, पैसे घेईना.
मग काउंटरच्या बाहेर येऊन
पँट पोटरीपर्यंत वर केली,
परत खाली सोडली.
"पहाटे पाचला करत जा सर. नंतर जमीन पोळते तिच्या पायाला."

तोच. अकरा पॉइंट चार.
फीत छातीला लावून माझ्याकडे पाहत उभा होता, धापा टाकत,
आणि मी म्हणालो होतो,
सुरुवात उशिरा केलीस.

आता मळ्यात दोन निळे ड्रम आहेत,
तळ कापून एकमेकांना जोडलेले. ती बोगद्यासारखी पार होते.
सहा बांबू एका रांगेत. त्यातून नागमोडी,
चौथ्याला अजून चुकते, मग दोघंही पुन्हा पहिल्यापासून.
आडवा बांबू दोन विटांवर, याहून उंच नाही:
वर्षाची होऊ द्या, सांधे कच्चे आहेत.
पलीकडे केळीची वाळकी पानं अंथरलेली,
ती उतरली की कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो.

आज ड्रम, बांबू, विटा, कडं, एका दमात.
मधे एका खारीकडे फक्त मान वळली.
आणि मला बटण दाबायचं सुचलंच नाही.
एका सेकंदानंतर कशाचं ते कळत नाही, म्हणतात.
तेहतीस वर्षांनी तर काय कळणार.
तरी उद्या दुकानावरून जाताना तो आकडा
एकदा मोठ्याने म्हणून बघावा, असं—

डिझेल समोर बसलीय.
थोडा वेळ वाट पाहिली तिने,
मग नाक मुठीवर, ओलं, जोरात:
काम झालंय, उघड.