स्वल्पविराम

क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत
माझ्या खुर्चीवर आधी रान्वा बसायची.
जाताना तिनं मागे ठेवला अर्धा लोकरी मोजा,
सुया त्यातच अडकलेल्या,
आणि एक मॅक्रो: कंट्रोल आणि क्यू.
तारीख उजवीकडे, नाव ठळक,
मधल्या दुहेरी मोकळ्या जागा गडप,
खाली शिक्का. एकशे ब्याण्णव होड्यांना
धक्क्याच्या भाड्याची पत्रं,
कॉफी गार व्हायच्या आत.

आमचं यंत्र म्हातारं, म्हणून दिसायचं:
प्रत्येक नावापुढे एक स्वल्पविराम उमटे
आणि लगेच पुसला जाई.
कधीतरी नोंद चालू असताना
तिचं बोट घसरलं होतं;
यंत्रानं चूकही शिकून घेतली,
सावरणंही.
अकरा वर्षं.

मला स्वच्छतेची हौस.
आत शिरलो, ती एक ओळ उडवली.
हात दाखवून अवलक्षण:
खोडणारी ओळ तशीच राहिली,
तिला खोडायला स्वल्पविराम मिळेना,
मग तिनं नावंच कुरतडली.

सोमवारी धक्क्यावरून माणसं आली,
अंगाला माशांचा वास, हातात पत्रं.
योएनसे. याकोबसे. पॉलसे.
म्हातारा हानुस टेबलावर रेलून म्हणाला,
भाडं भरतो रे,
पण माझा न कुठे ठेवलास?

दुपारी दार लावून
मी एक स्वल्पविराम टाइप केला,
नीट, बघून,
पुसण्यासाठी.