बाद्रीच्या बाडावर, पेन्सिलीनं

पिठाच्या गोणीत घालून आणलंस तू हे बाड,
सातशे अकरा पानं,
कुताइसी ते झुग्दिदी, झुग्दिदी ते कुताइसी,
मिनीबसच्या दोन फेऱ्यांमधल्या रिकाम्या वेळात लिहिलेली.
बारा पानांवर डिझेलचे डाग आहेत. ते राहू देत.

मी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली, बाद्री.
लोकांचे स्वल्पविराम वेचता वेचता डोळे गेले.
कादंबरी कशी लिहावी ते मला विचारू नकोस;
ती कुठं मरते, तेवढं ठाऊक आहे.

तुझी मरते पहिल्याच पानावर.
राजा, राजाचा आजा, किल्ला, किल्ल्यावरचं धुकं,
नमनालाच घडाभर तेल ओतलंस
आणि दिवा लागतो एक्केचाळिसाव्या पानावर,
जिथं एक बाई बसमध्ये चढते
आणि सुट्टे नाहीत म्हणते.
तिथून सुरू कर.
राजाचं कधी सुट्ट्यांवाचून अडत नाही,
म्हणून तो कंटाळवाणा.

आराखडा केलास म्हणतोस, भिंतभर कागद चिकटवलेस.
चांगलं केलंस.
पण तुझा रस्ता तुला पाठ आहे ना?
तरी सामत्रेदियाच्या वळणावर रोज
गाय आडवी येतेच.
आराखड्यात गाईला जागा ठेव.
आली की हॉर्न वाजवू नकोस. थांब.
बघ, ती कुठं निघालीय.

तिसऱ्या भागात घोडं पेंड खातं.
तीन मित्र टेबलाभोवती बसून मायदेशाबद्दल बोलतात,
साठ पानं. साठ, बाद्री!
त्यात कुणी एक घास गिळत नाही,
कुणाची बाही रश्श्यात बुडत नाही.
एवढं बोलणारा माणूस काहीतरी लपवत असतो.
काय, ते तुला माहीत हवं.
त्याला नसलं तरी चालेल.

लिहून संपलं की लगेच कुणाला दाखवायचं नाही,
मलासुद्धा.
माझा भाऊ वालेरी जमिनीत वाइन पुरायचा,
माणूस मावेल एवढ्या मातीच्या रांजणांत.
पुरण्याचं कौतुक सगळे करतात,
घासण्याचं कुणी नाव काढत नाही.
गल्लीतल्या सगळ्यात किडमिडीत पोराला
दोरीनं आत सोडायचे, चेरीच्या सालीची घासणी देऊन,
आणि तो आतून गात राहायचा,
म्हणजे वरच्यांना कळावं, गुदमरला नाही.
दुसरा खर्डा म्हणजे ते.
तिसराही तेच.
गाणं ऐकू आलं नाही तर मी दोरी ओढीन.

आणि छापायचं म्हणशील,
तर आधी पैसे मागणारा प्रकाशक नव्हे, सावकार.
पत्र एका पानाचं. त्यात आपलीच आरती नको.
करारातली बारीक अक्षरं माझ्याकडे घेऊन ये,
बारीक अक्षरांशी माझं जुनं वैर आहे.
नकार येतील. त्याहून वाईट म्हणजे
काहीच येणार नाही, वर्षभर.
तेव्हा फेरी चुकवू नकोस, गाडीचे हप्ते भर.
तीनशे प्रती निघाल्या तरी पुष्कळ.
शंभर तर तू बसमध्येच खपवशील,
झुग्दिदीपर्यंत माणसाला दुसरं काम तरी काय?

राहिलं पान दोनशे बारा.
तुझा नायक पहाटे उठतो.
आई अकरा वर्षं इटलीत, परक्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत,
आणि हा तिचं अंथरूण रोज उलगडतो,
झटकतो, पुन्हा घडी घालून ठेवतो.
अख्ख्या बाडात मी चष्मा काढला
तो तिथं, एकदाच.
‘त्यानं उशी उचलली’ असं लिहिलंयस,
आणि लगेच पुढं, ‘मी ती हुंगली.’

‘तो’ होता. मध्येच ‘मी’ झाला.
असली चूक छत्तीस वर्षांत मी कुणाची सोडली नाही.
समासात पेन्सिल टेकवली,
आणि उचलली.

नीट पाहिलंस तर एक ठिपका दिसेल.