पाव गोळी

डॉक्टर टिपणीस म्हणाले, आता उतरायचं.
चढताना घाई होती, उतरताना नको.
महिनाभर अर्धी. मग पाव.
मग एक दिवसाआड पाव.
मग बघू.

सुरीने केली तर चुरा झाला.
ब्लेडने केली तर एक तुकडा उडून फ्रीजखाली गेला.
शेवटी सासूबाईंचा अडकित्ता काढला.
त्या गेल्यापासून घरात सुपारी कुणी फोडली नव्हती.
कट्.
सारखे दोन तुकडे. पुन्हा कट्.
जिभेवर कडूच्या मागून
जरा काताची चव आली,
की मला वाटलं तसं.

अठ्ठेचाळीस शुक्रवार पोटात सुई.
खारेगावचा केमिस्ट इंजेक्शन बर्फासकट
वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा,
कोळीण पापलेट देते तसं.
फ्रीजच्या दारात, विरजणाशेजारी ते ठेवायचं.
शनिवारी हुडहुडी.
रविवारी ताप उतरायचा, मी नाही.
केस मोरीच्या जाळीत.
तेविसाव्या आठवड्यात हिरामणच्या दिशेने
आमटीचं पातेलं भिरकावलं,
आणि तासभर रडले, ते आमटीसाठी.
तेव्हा ही गोळी सुरू झाली.
मसुरीएवढी. औषधाचं औषध.

रिपोर्टवर लिहिलंय: आढळला नाही.
सहा महिन्यांनी परत रक्त दिलं.
आढळला नाही.
हिरामणने कळव्याच्या सबस्टेशनात पेढे वाटले,
कशाचे ते सांगितलं नाही.
मुलीचं आहे काहीतरी, म्हणाला.

तसं खोटं नव्हतं.
शलाका झाली त्या रात्री सिव्हिलमध्ये
माझं रक्त खाटेखाली थेंबथेंब जात होतं
आणि वरून कुणाची तरी बाटली येत होती.
तो त्या बाटलीतला.
म्हणजे दोघं एकाच रात्री आले माझ्याकडे,
ही टाहो फोडत, तो चपलाही न वाजवता.
हिला गोवर आला, हिला गणितात कमी पडले,
हिच्यासाठी मी खाडीपुलावरून क्लासला फेऱ्या घातल्या,
तो आत बसून होता तेवीस वर्षं,
जेवत होता,
कधी काही मागितलं नाही.
(तिचीही तपासणी केली. ती कोरी निघाली.
त्या दिवशी मी दोनदा आंघोळ केली, का ते माहीत नाही.)
मागच्या वैशाखात ती रोह्याला गेली, सासरी.
तो कुठल्या दिवशी गेला
याची नोंद नाही.

पाववर आल्यापासून मान वळवली
की डोक्यात बारीक वीज चमकते.
झिप्.
दुधाचा हिशोब करताना, जिना उतरताना, झिप्.
हिरामणला सांगितलं.
घास हातात तसाच ठेवून,
कामावरचा चेहरा करून तो म्हणाला,
लोड एकदम काढत नसतात.
काढला तर व्होल्टेज उसळतं,
मग लांब कुठेतरी
ज्याचा काही संबंध नाही त्याचा बल्ब उडतो.
पंचवीस वर्षांच्या संसारात
माझ्या शरीराबद्दल तो इतकं सविस्तर पहिल्यांदाच बोलला.
मग ताक मागितलं.

अजून शुक्रवारी रात्री नऊला
पोटाची कातडी आपोआप आक्रसते.
हात पदराखाली जातो, जागा शोधतो:
परवा डावीकडे झालं, आज उजवीकडे.
कुणीच येत नाही.
पारसिकच्या बाजूने मालगाडी जाते
आणि ताटाळ्यातली ताटं वाजतात.

आज गोळीचा वार नाही.
सवयीने अडकित्ता हातात घेतला,
उघडला, मिटला.
फोडायला काही नव्हतं.
मग उगीच फ्रीज सरकवला, कधीचा झाडायचा होता.
एक बटण, शलाकाची पिन, वाळलेला कढीपत्ता,
आणि तो तुकडा.
धुळीने करडा झालेला. मुंग्यांनीसुद्धा नेला नव्हता.

आढळला,
मी मोठ्याने म्हणाले.

काय? आतून हिरामण.