पाठकोरे

तातोबा भोपळे, मोल्डर, टोकन नंबर एकशे बारा.
त्याचे सतरा अर्ज माझ्याकडे आहेत.
सतराही नामंजूर.
शब्द माझ्या हातचा, लाल शाईतला,
शेवटच्या र-ची शेपटी जरा झोकात ओढलेली.
अक्षराचं कौतुक होतं तेव्हा मला.

शिरोलीच्या फौंड्रीत मी टाइमकीपर.
साहेब काचेआडून नुसती मान हलवत,
ती मान कागदावर उतरवायचं काम माझं.
आईचा दहावा, दोन दिवस. डिस्पॅच आहे. नामंजूर.
चैत्रात जोतिबाला जायचंय. नामंजूर.
पोरीला बघायला कागलचे पाहुणे येणार.
रविवारी बोलव म्हणावं. नामंजूर.
डोळ्यात ठिणगी गेली, सीपीआरला दाखवायचंय.
ह्याला शेरा मारताना शाई संपली होती,
मी उठून दुसरी दौत आणली.

मार्च संपला की असले गठ्ठे भट्टीत टाकायचे, असा रिवाज.
मी टाकले नाहीत.
त्यात सचोटी-बिचोटी काही नव्हती.
कागद पाठकोरे होते,
आणि घरी वृषाली चौथीत, वह्या महाग.

मग मालक बदलले.
सव्वीस वर्षांनी तातोबाच्या हातात एक पाकीट दिलं,
त्यात रजेचा एक रुपया नव्हता.
हालोंडीहून सायकल मारत तो माझ्या दारात आला,
चपला रस्त्यावरच काढून.
"आमच्या रजंचं काय झालं वो, भाऊसाहेब?
घेटली न्हाई, म्हंजे बुडाली म्हणत्यात."

मी सांगितलं त्याला.
वीस दिवस राबलास की एक दिवस तुझा.
साठवलेली रजा तीस दिवसांपर्यंत पुढच्या सालात जाते,
त्यावरची बुडते, हे खरं.
पण मागितली आणि त्यांनी दिली नाही,
ती बुडत नाही, तातोबा.
ती कितीही साल पुढं सरकत राहते.
काम सुटलं की तिचा पगार द्यावाच लागतो.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. एका डोळ्यानं नीट.
"ह्ये तुमाला कवापासनं म्हाईत हाय?"
आतून बायकोनं चहा आणला
म्हणून मला उत्तर द्यावं लागलं नाही.

आज तारीख होती.
कंपनीचे वकील म्हणाले, असे अर्ज कधी आलेच नाहीत.
मी कापडी पिशवीतून सतरा कागद काढले
आणि माझं अक्षर ओळखलं.
हो, माझंच.
हो, शुद्धीत असताना.
हो, सतराही वेळा.

साहेबांनी कागद उलटा केला. हे काय?
भागाकार आहे, साहेब. मुलीचा.
कोणी तरी हसलं. पंखा खडखडत होता.
तातोबाला लिहिलेलं वाचता येत नाही.
आकडे येतात, सगळा जन्म पॅटर्नवरचे नंबर वाचण्यात गेला.
तो पुढं वाकला, ते भाजून गुळगुळीत झालेलं बोट
पेन्सिलीच्या आकड्यांवरून हळूहळू नेलं.
तीनशे सत्तावन्न. भागिले पाच.
"बरोबर हाय पोरीचं," म्हणाला. "बाकी दोन."

तो दहाव्याचा कागद होता.
त्याला मी ते सांगितलं नाही.

पुढची तारीख अकरा पडली.
जिना उतरताना मी पुढं, तो दोन पायऱ्या मागं,
टाइम ऑफिसातून शॉपकडे जाताना असायचो तसेच.
मध्येच मी कठड्याला धरून थांबलो,
म्हटलं, जाऊ दे त्याला पुढं.

तोही थांबला.