काटा

पाठीवर दीड टन बर्फ,
लाद्यांवर भुसा, भुशावर ताडपत्री,
आणि पुढ्यात, स्टेअरिंगच्या मागे,
लाल पट्टीला टेकलेला काटा.

जामसंड्याहून विजयदुर्ग, रोज रात्री.
पडेलचा सडा लागला की तो वर सरकायचा,
दिवसा मात्र शहाण्यासारखा मधोमध.

काय काय नाही केलं.
कूलंट बदललं. थर्मोस्टॅट काढून
चुलीवरच्या टोपात उकळून बघितला,
उघडला बिचारा, अगदी वेळेवर.
रेडिएटर कणकवलीला नेऊन साफ करून आणला, बत्तीसशे.
पंख्याचा पट्टा नवा, सेन्सर नवा.
काटा जुनाच.

मग सड्यावर गाडी बाजूला घ्यायची,
बॉनेट उघडून पाइपावर हात ठेवायचा.
हात म्हणायचा, असायला हवा तेवढाच गरम आहे.
काटा म्हणायचा, जळतंय.
मी काट्याचं ऐकायचो.
तो कंपनीने बसवलेला,
हात काय, माझाच.

तासभर तसा उभा. वारा, कातळ,
मागच्या फाळक्यातून टिप्, टिप्,
दुसऱ्याच्या पैशाचं पाणी होताना.
जेट्टीवर तांडेल लादी उचलून विचारायचा,
बर्फ आणलास की अंगाचा साबण?

लवू होता तेव्हा माझ्याबरोबर, क्लीनर.
रेडिएटरचं पाणी बघणं त्याचं काम.
"बघितलंय, काठोकाठ आहे," म्हणाला.
मी म्हटलं, मग काटा काय तुझ्या बापाने वर केला?
तो काही बोलला नाही.
पडेल तिठ्यावर उतरला,
सीटखालची पिशवी घेतली,
पाण्याचा कॅन मात्र भरून ठेवून गेला.
पुढे कळलं, म्हापशाला गॅरेजात लागलाय.

बाप्पा ठुकरुलकडे गेलो तो सगळ्यांत शेवटी.
म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं.
म्हणाला, "दिवसाचो काय येतस? रातचो ये."

रात्री त्याने इंजिन चालू ठेवलं,
बिडी अर्धी होईपर्यंत गप्प बसला.
मग हेडलाइट लावली.
काटा उडाला.
बंद केली. खाली.
परत लावली. वर.
पोरासारखा हसत होता.
"गाडी गरम नाय तुझी.
काटो खोटा बोलता."

बॅटरीमागे, हात जेमतेम पोचतो अशा जागी,
अर्थिंगचा एक बोल्ट.
त्यावर हिरवी बुरशी, मऊ, जवळजवळ सुंदर.
खाऱ्या वाऱ्याने सहा पावसाळे घालून पिकवलेली.

"लाइट, वायपर, मीटर,
सगळ्यांका घराक जाऊक वाट एकच.
व्हाळाचा तोंड बुजला
की पाणी शेजाऱ्याच्या खळ्यात शिरता."

कानशीने घासला, पितळेसारखा चमकला,
वर बोटभर ग्रीस.
चाळीस रुपये म्हणाला. मी शंभर दिले,
साठ परत केले मोजून.

त्या रात्री सड्यावर काटा मधोमध.
हेडलाइट लावल्या, विझवल्या, वायपर, हॉर्न,
जे जे होतं ते सगळं लावून बघितलं,
रिकाम्या माळावर, भर उन्हाळ्यात, वायपर चालवत.
काटा हलेना.

तरी गाडी थांबवली.
जुनी सवय असेल.
पाइपावर हात ठेवला,
तोच गरमपणा, तेवढाच,
इतके महिने तेच सांगत होता.

मग लवूला फोन लावला.
तिसऱ्यांदा उचलला. मागे पान्याचे आवाज,
कोणीतरी कोंकणीत ओरडत होतं.
काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, ते आठवेना.
मी नुसतं म्हटलं, सड्यावर आहे.

थोडा वेळ तोही गप्प.
मग हळूच, कामाच्या आवाजात,
"पाणी बघितलात?"

मागे बर्फ ठिबकत होता.
मी पाणी बघायला उतरलो.