अर्धं बोट

फेब्रुवारी संपता संपता मशीनवर चादर टाकली.
सुमेधची दहावी.
दांडेकर पुलाच्या खालच्या अंगाला आमची एक खोली,
तीत पलंग, ओटा, मशीन आणि बोर्डाची परीक्षा,
चौघं मावत नव्हते.

निंबाळकरबाईंना सांगितलं, अकरा ब्लाउज आता एप्रिलात.
त्या म्हणाल्या, तोवर लग्न लागून जाईल हो.
कापड परत घेऊन गेल्या,
अस्तरासकट.

ह्यांनी रात्रपाळीहून येताना
चपला हातात धरून आत यायची सवय लावून घेतली.
कुकरची शिट्टी मी चमच्याने उचलून धरायचे.
कांचनताईंनी भिजवलेले बदाम पाठवले, मोजून सात,
त्यांची मुलगी ब्याण्णव टक्केवाली.
साताऱ्याहून नणंदेचा फोन : किती पडतील?
जसं काही झाडाखालीच उभे आहोत आम्ही,
ओटी पसरून.

मी बसायचे. काहीच न करता.
हातांना हे ठाऊक नाही.
बोटं पदराची दोरी वळायची, पुन्हा सोडायची.
त्याने पान उलटलं की मोजायचे.
पान उलटलं नाही, तेही मोजायचे.

नवव्या दिवशी, पुस्तकातून डोकं न काढता :
आई, मशीन सुरू कर ना.
म्हटलं, अरे तुला आवाज...
म्हणाला, आवाज असला की मी एकटा असतो.
बंद असलं की तू ऐकत बसतेस.

चादर काढली. तेल घातलं.
निंबाळकरबाई गेल्या त्या गेल्या,
पण सिंहगड रस्त्यावरच्या एकीचं काम होतं,
पाच वर्षांच्या पोरीचा फ्रॉक, छत्रीच्या घेराचा.
खडूने कापडावर गोल मारत होते
तर हा मागे येऊन उभा.
मधलं भोक केवढं ठेवायचं, कसं कळतं तुला?

कमरेला सहाने भागायचं,
त्यातनं अर्धं बोट कमी.

कोणी शिकवलं?
मंडईमागे क्लास होता, गोदूबाईंचा.
त्यांनाही अर्धंच बोट माहीत होतं.

वहीत काहीतरी खरडून परत आला, डोळे हे एवढे.
अगं, हा तर पाय झाला!
पाय? पाय तर पायडलवर आहे माझा.
केवढा हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा
त्याचे एकावर एक आलेले दात दिसले.
मग म्हणाला, पण बोर्ड अर्धं बोट धरत नाही, आई.

मलाही कुठे धरलं होतं,
हे मनातल्या मनात.

भूमितीच्या दिवशी फाटकापर्यंत गेले.
टिळक रस्त्यावर आईबापांची जत्रा,
डब्या उघडून दहीसाखर चाललेली.
एक बाप स्कूटरवर बसूनच
मुलीकडून प्रमेय म्हणून घेत होता,
तिचे नुसते ओठ हलत होते.
मला बोलायचं होतं पुष्कळ.
सुमेधने माझ्या खांद्यावरचा हिरवा दोरा उचलला,
फुंकून टाकेल म्हटलं,
तर कंपासपेटीत ठेवला
आणि आत गेला.

अकरा ते एक.
घरी येऊन फ्रॉकला बाह्या लावल्या.
डावी उजवीकडे.

दीडला आला. मोज्यांसकट पलंगावर आडवा.
विचारायचं नाही असं ठरवलं होतं.
विचारलं नाही.
तोच म्हणाला, भिंतीकडे तोंड करून,
शेवटचं सुटलं.

सुटलं म्हणजे जमलं,
की सुटलं म्हणजे राहिलं?

ब्लेड घेऊन बाही उसवायला बसले.
उसवण्याला आवाज नसतो.
म्हणून सुईखाली कापड नसताना,
दोरा काढून ठेवलेला असताना,
मी बराच वेळ
पायडल मारत राहिले.