तामादा

कुताइसीत, पुलाखालच्या माझ्या दुकानात
(शटर अर्धंच वर जातं)
वाझा वाकून आला, संगणक पोटाशी धरून.
"काल दुसरी डिस्क बसवली. स्वतःच.
तेव्हापासून हा उठतच नाही."

काळा पडदा. कोपऱ्यात
एक पांढरी रेघ, उघडझाप, उघडझाप,
कुणीतरी नाव विचारून
उत्तरासाठी थांबल्यासारखी.

झाकण काढलं. धूळ, एक मेलेली मधमाशी
(वाझा त्याच पाळतो)
आणि नवी डिस्क, चकचकीत, पहिल्या सॉकेटात.
जुनीला खाली सारलेलं.
"नवी मोठी आहे ना," म्हणाला.

तिथंच तर.
आमच्या मेजवानीत एक तामादा असतो,
तो बोलल्याशिवाय कुणी पेला ओठाला लावत नाही.
वाझा, तू त्याच्या जागी असा पाहुणा बसवलास
ज्याला एक शब्द येत नाही.
कालपासून सगळे पेले उचलून बसलेत.

डिलीट दाबत राहिले. निळं पान उघडलं.
जुनी वर, नवी खाली.
जतन. पुन्हा सुरू.
रेघ. उघडझाप.
वाझानं माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं केलं.

चहा निवून गेला. मग बोटाला कळलं,
जुनीची वीजतार नुसती टेकली होती, बसली नव्हती.
ढकलली. टक्.

जुनी खाकरली, घरघरली,
आणि पडद्यावर उतारावरच्या त्याच्या मधपेट्या.

"मग नवीनं करायचं काय?"
"ऐकायचं. सांगतील ते लक्षात ठेवायचं."
"म्हणजे सासुरवाडीतला मी," वाझा म्हणाला
आणि स्क्रू मोजू लागला.
एक कमी भरला. अजून सापडलेला नाही.